हिऱ्याचा दागिना घेण्यापूर्वी सराफाला काय विचारावे

हिऱ्याचा दागिना घ्यायला पेढीवर जाण्यापूर्वी एक काम करावे. घरात जुना हिऱ्याचा दागिना असेल तर तो दोन वेगवेगळ्या सराफांकडे नेऊन, मोडीत घातला तर त्याचे किती येतील, एवढे विचारून यावे. विकायचा नसला तरी विचारावे. सोन्याचा भाव रोज जाहीर होतो, त्यामुळे त्यात पेढीगणिक फारसा फरक पडत नाही. हिऱ्याचा भाव मात्र घेताना एक आणि देताना दुसराच असतो, आणि या दोहोंमधली दरी पाहिल्याशिवाय नव्या दागिन्याच्या काउंटरवर बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मला शिकवले ते आईच्या कुड्यांनी. काही वर्षांपूर्वी घरातल्या आजारपणात पैशांची निकड आली, तेव्हा आम्ही तिच्या हिऱ्याच्या कुड्या बेळगावातल्या एका पेढीवर नेल्या. एकेका कुडीत सात खडे होते. पेढीवरच्या माणसाने भिंग डोळ्याला लावले, कुड्या काट्यावर ठेवल्या, खड्यांचे म्हणून अंदाजाने वजन वजा केले आणि उरलेल्या सोन्याची रक्कम कागदावर लिहून तो कागद आमच्याकडे फिरवला. खड्यांच्या रकान्यात त्याने आडवी रेघ ओढली होती. "बारीक हिरे आहेत काकू, आम्ही ते धरत नाही," तो म्हणाला. त्याच पेढीची खरेदीच्या वेळची पावती आईच्या पर्समध्ये होती आणि तीत त्या चौदा खड्यांची किंमत सोन्याच्या किमतीपेक्षा जास्त लावलेली होती. आईने कुड्या रुमालात बांधल्या आणि आम्ही घरी आलो.

त्या आडव्या रेघेचा दोष एकट्या पेढीवर टाकता येत नाही. हिऱ्याच्या किमतीची घडण जगात ज्या पद्धतीने झाली, ती समजून घेतली की काउंटरवर कोणते प्रश्न विचारायचे हे आपोआप लक्षात येते.

भाव कसा धरून ठेवला गेला

अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत जगाला हिरे पुरवणारा मुख्य देश भारत होता, आणि त्या खाणी आपल्यापासून फार दूर नव्हत्या. कृष्णेच्या खोऱ्यातून निघालेला माल गोवळकोंडा आणि विजापूरच्या बाजारात येत असे. विजयनगरच्या काळी तिथे आलेल्या फर्नाव नुनिश या पोर्तुगीज व्यापाऱ्याने नोंदवून ठेवले आहे, की ठरावीक वजनाच्या वरचा प्रत्येक हिरा राजाकडे जमा करावा लागे. मक्तेदारी ही गोष्ट या धंद्यात परक्यांनी आणली असे समजण्याचे कारण नाही. ती मोठ्या प्रमाणावर, कंपनीच्या रूपात आणि साऱ्या जगासाठी मांडली गेली ती दक्षिण आफ्रिकेत.

1867 च्या सुमारास तिथे हिरे सापडले आणि किम्बर्लीच्या खाणींतून इतका माल निघू लागला, की तो सगळा बाजारात आला असता तर हिरा दुर्मीळ राहिलाच नसता. सेसिल ऱ्होड्स याने लहान-मोठे खाणवाले एकत्र करून 1888 मध्ये डी बीअर्स ही कंपनी उभी केली. 1929 मध्ये तिची सूत्रे अर्नेस्ट ओपनहायमर यांच्याकडे आली आणि त्यानंतर लंडनमधून एकाच विक्रीव्यवस्थेद्वारे जगातला बहुतांश कच्चा हिरा विकला जाऊ लागला. या व्यवस्थेत वर्षातून साधारण दहा वेळा 'साइट' भरे. निवडक व्यापाऱ्यांनाच तिथे प्रवेश असे. त्यांच्यापुढे मालाचा तयार डबा ठेवला जाई आणि त्यातला माल, त्याचा भाव, सारे कंपनीने ठरवलेले असे. घ्यायचा तर आहे तसा घ्यायचा, नाहीतर पुढच्या साइटला बोलावणे येईल याची खात्री नसे. मंदी आली की कंपनी माल आपल्याकडेच साठवून ठेवी आणि तेजीत थोडा थोडा सोडी. रशियात 1950 च्या दशकात नव्या खाणी सापडल्या, तेव्हा तिथलाही माल या एकाच व्यवस्थेमार्फत विकला जावा असा करार झाला.

निपाणी भागातल्या वाचकाला हे सांगताना फार शब्द खर्च करावे लागू नयेत. मोजके व्यापारी भाव ठरवणार आणि शेतकऱ्याने तयार तंबाखू दारात ठेवून त्यांची वाट पाहायची, ही कोंडी फोडण्यासाठी 1981 मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे-बेंगळुरू महामार्गावर बसले होते आणि त्या आंदोलनातल्या गोळीबारात माणसे मेली. तिथे घेणारे मोजके होते, हिऱ्यात देणारा एकच होता. अडलेल्या माणसाची स्थिती दोन्हीकडे एकच राहते.

या व्यवस्थेला धोका दोन बाजूंनी होता: नव्या खाणींकडून आणि लोकांच्या घरात पडून असलेल्या जुन्या हिऱ्यांकडून. 1947 मध्ये डी बीअर्सच्या जाहिरातीसाठी फ्रान्सिस गेरेटी या लेखिकेने 'हिरा कायमचा असतो' या आशयाचे वाक्य लिहिले आणि ते जगभर पोहोचले. माझ्या मते त्या वाक्याचा व्यापारी अर्थ असा, की जी वस्तू कायमची आहे ती कोणी विकायला काढू नये. जुना माल बाजारात परत आला नाही तर नव्याचा भाव टिकतो. परत घेण्याची नीट सोय या धंद्यात रुजलीच नाही. आमच्या कागदावरची रेघ तिथून आलेली आहे.

आज ती पोलादी पकड राहिलेली नाही. ऑस्ट्रेलियाच्या अर्गाइल खाणीने 1996 मध्ये स्वतंत्र विक्री सुरू केली, रशियाची अलरोसा ही कंपनी मोठी झाली आणि 2000 नंतर डी बीअर्सने साठा राखून भाव सांभाळण्याचे जुने धोरण सोडले. औद्योगिक हिऱ्यांच्या किमती संगनमताने ठरवल्याच्या प्रकरणी अमेरिकेत 2004 मध्ये कंपनीने गुन्हा कबूल करून एक कोटी डॉलर दंड भरला, आणि ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात, दोष मान्य न करता, 29.5 कोटी डॉलरची तडजोड केली. ते पैसे अमेरिकेतल्या खरेदीदारांना मिळाले. खडे बाजारात किंवा शहापूरच्या सराफ गल्लीत त्याच काळात हिरे घेतलेल्या आपल्या माणसांना त्यातले काही मिळाले नाही, आणि मिळणार होते असेही नाही. म्हणून आपल्या हाती उरते ते पेढीवर नीट विचारणे.

पहिला प्रश्न : हा खडा आला कुठून?

हा प्रश्न विचारला की बहुतेक ठिकाणी उत्तर येते, "सुरतहून." ते खरे असते, पण अपुरे असते. जगातल्या दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात. ते जमिनीतून कुठे निघाले हा प्रश्न वेगळा. तो का विचारायचा, हे सिएरा लिओनच्या उदाहरणावरून कळते. 1991 ते 2002 या काळात तिथल्या यादवी युद्धात बंडखोरांनी हिरे विकून शस्त्रे घेतली आणि सामान्य माणसांचे हात तोडले. अंगोलातही हिऱ्यांच्या पैशावर युद्ध चालले. त्यावर तोड म्हणून 2003 पासून 'किम्बर्ली प्रोसेस' ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था लागू झाली. कच्च्या हिऱ्यांच्या प्रत्येक खेपेसोबत, ते संघर्षातून आलेले नाहीत असे सरकारी प्रमाणपत्र असल्याशिवाय सदस्य देशांत ती खेप जात-येत नाही. भारत या व्यवस्थेचा सदस्य आहे.

पेढीवर "आमचा माल किम्बर्लीचा आहे" असे सांगितले जाते, तेव्हा तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ते प्रमाणपत्र कच्च्या मालाच्या खेपेचे असते. तुमच्या अंगठीतल्या खड्याचे असे वेगळे प्रमाणपत्र कुठेच नसते. दुसरे म्हणजे 'संघर्षाचा हिरा' याची व्याख्या, कायदेशीर सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना पैसा पुरवणारा हिरा, एवढीच आहे. सरकारनेच अत्याचार केले तर ते या व्याख्येत बसत नाहीत. झिम्बाब्वेच्या मारांगे भागात 2008 च्या अखेरीस लष्कराने खोदकामगारांवर हल्ले केले, त्यात दोनशेहून अधिक माणसे मेल्याचे मानवाधिकार संघटनांनी नोंदवले. तरीही 2011 मध्ये तिथल्या हिऱ्यांच्या निर्यातीला या व्यवस्थेने परवानगी दिली, आणि ही व्यवस्था उभी करण्यासाठी झटलेली ग्लोबल विटनेस ही संस्था त्याच वर्षाअखेर तिच्यातून बाहेर पडली. तिसरे म्हणजे मजुरी, बालमजुरी, पाण्याची आणि जमिनीची नासाडी यांच्याबद्दल ते प्रमाणपत्र एक शब्दही बोलत नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे. पश्चिम आफ्रिकेत नदीकाठची वाळू चाळणारा खोदकामगार बहुधा स्वतःच्या भांडवलावर काम करत नाही. कोणीतरी त्याला फावडे, चाळणी आणि रोजचा तांदूळ देतो, आणि सापडलेला खडा त्यालाच, त्यानेच ठरवलेल्या भावाला द्यावा लागतो. आपल्याकडे ऊसतोडणीच्या टोळ्या आणि विडी वळणाऱ्या बायका ज्याला उचल म्हणतात, तीच ही व्यवस्था आहे. उचल घेतलेल्याला भाव विचारता येत नाही, हे या भागात कोणाला सांगावे लागत नाही.

म्हणून सराफाला विचारायचे ते असे: ज्या व्यापाऱ्याकडून तुम्ही हे हिरे घेतले, त्याच्या बिलावर हमीचे निवेदन आहे का? हिरे वैध मार्गाने घेतलेले असून संघर्षाला पैसा पुरवणारे नाहीत, असे वाक्य घाऊक व्यापाऱ्याने आपल्या बिलावर छापावे, अशी या व्यवसायात पद्धत ठरलेली आहे. सराफाने ते बिल दाखवण्याचे बंधन नाही. किंमत झाकून फक्त निवेदन दाखवले तरी पुरे. बेळगावच्या आणि कोल्हापूरच्या अनेक पेढ्यांवरचा हिऱ्यांचा माल मुंबईच्या व्यापाऱ्याकडून जांगड आलेला असतो, म्हणजे विकला गेला तर पैसे, नाहीतर माल परत. त्यामुळे सराफाला एक फोन करून माहिती मागवणे अवघड नसते. तो फोन करायला तयार होतो की नाही, यावरून मला तरी त्या पेढीची बरीच पारख होते.

मोठ्या एकेरी खड्याचा माग कधी कधी लागू शकतो. डी बीअर्सने 2022 पासून आपल्या कच्च्या हिऱ्यांची खाणीपासून डिजिटल नोंद ठेवायला सुरुवात केली आहे. तिचा उपयोग आहे, पण माग ठेवणारी व्यवस्था माल विकणाऱ्यानेच उभी केली आहे, हे विसरू नये. बारीक माल सुरतेत चाळण्यांतून मापाप्रमाणे वेगळा केला जातो आणि त्यात देशोदेशीचे खडे एकत्र होतात. युक्रेन युद्धानंतर जी-7 देशांनी 2024 पासून रशियन हिऱ्यांवर निर्बंध घातले, पण भारताने ते घातलेले नाहीत, त्यामुळे बेळगावात घेतलेल्या अंगठीत रशियन खडा असू शकतो आणि तो बेकायदा नसतो. तो घ्यायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. विचारण्याचा हक्क मात्र प्रत्येकाला आहे.

आफ्रिकेचा हिरा म्हणजे रक्ताचाच हिरा, असे सरसकट म्हणणेही अन्यायाचे ठरेल. बोट्स्वाना 1966 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा अत्यंत गरीब देश होता. तिथल्या खाणी चालवणाऱ्या कंपनीत सरकार आणि डी बीअर्स यांची निम्मी-निम्मी भागीदारी आहे आणि हिऱ्यांच्या उत्पन्नातून तिथे शाळा, रस्ते आणि दवाखाने झाले. जिथे खनिजाचा धनी असलेल्या समाजाला वाटा मिळतो आणि जिथे मिळत नाही, त्या दोन खाणींत फरक करायचा असेल तर देशाचे नाव विचारावेच लागते.

दुसरा प्रश्न : खाणीचा की प्रयोगशाळेचा?

प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा खोटा नसतो. तो कार्बनचाच असतो आणि त्याचे गुणधर्म खाणीतल्या हिऱ्याचेच असतात. अमेरिकन डायमंड म्हणून विकला जाणारा खडा ही वेगळी, स्वस्त वस्तू आहे. सीव्हीडी, म्हणजे वायूतला कार्बन थराथराने साचवण्याच्या, पद्धतीने असे हिरे आता सुरतेत मोठ्या प्रमाणावर तयार होतात. डोळ्यांनी, भिंगाने किंवा दुकानातल्या साध्या पेनसारख्या टेस्टरने तो ओळखता येत नाही, त्यासाठी खास यंत्र लागते. म्हणून तोंडी उत्तरावर थांबू नये. बिलावर 'नैसर्गिक' किंवा 'प्रयोगशाळेत तयार केलेला' यांपैकी एक शब्द लिहून घ्यावा. बिल कन्नडात असो, इंग्रजीत असो की मराठीत, तो शब्द असलाच पाहिजे, आणि भाषा आपल्याला वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगण्यात कमीपणा मानू नये.

या हिऱ्यांनी मक्तेदारीला खरा हादरा दिला, कारण ते कारखान्यात हवे तितके करता येतात. त्यांचा भाव गेल्या काही वर्षांत झपाट्याने कोसळला आहे. घालायला घ्यायचा असेल तर तो चांगला, परंतु पुढे मोडून पैसे येतील या आशेने घेऊ नये. शिवाय खाण नाही म्हणून त्याचा निसर्गावर भार नाही, हेही तपासून घ्यावे. तो वाढवायला भरपूर वीज लागते आणि ती वीज कोळशाची आहे की सूर्याची, हे विक्रेत्याला विचारता येते.

काट्यावर आणि बिलावर

येथे फसगत सर्वांत जास्त होते आणि ती टाळणे सर्वांत सोपे आहे. हिऱ्याच्या वजनात एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम आणि एक कॅरेटचे शंभर सेंट. म्हणजे 50 सेंटच्या हिऱ्यांचे वजन 0.1 ग्रॅम झाले. दागिन्याचे एकूण वजन 4.300 ग्रॅम असेल आणि त्यात 50 सेंटचे हिरे असतील, तर सोने 4.200 ग्रॅमचेच धरले गेले पाहिजे. नाहीतर हिऱ्याचे पैसे हिऱ्याच्या भावाने देऊन झाल्यावर त्याच वजनाचे पैसे पुन्हा सोन्याच्या भावाने दिले जातात. बिलावर एकूण वजन, निव्वळ सोन्याचे वजन, हिऱ्यांची संख्या, त्यांचे सेंटमधले वजन, रंग आणि शुद्धतेची प्रत, हिऱ्याचा प्रतिकॅरेट दर, घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी हे सारे वेगवेगळे लिहून घ्यावे. "सगळे मिळून इतके" असे सांगितले तर उठून यावे.

हॉलमार्क सोन्याचा असतो, हिऱ्याचा नव्हे. हिऱ्याचे दागिने बहुधा 18 कॅरेट सोन्याचे असतात; इथे कॅरेट म्हणजे सोन्याची शुद्धता, वजन नव्हे. त्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, 18के750 हा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपवर घालून काउंटरवरच पाहावा. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि हिऱ्याची चमकी बहुतेक वेळा याच वजनात बसते, त्यामुळे तिच्या सोन्याची प्रत बिलावर लिहून घेण्याची काळजी अधिक घ्यावी. मोठ्या खड्यासोबत जीआयए किंवा आयजीआयसारख्या प्रयोगशाळेचा अहवाल असेल, तर त्याचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा आणि खड्याच्या कडेवर तोच क्रमांक लेसरने कोरलेला असल्यास तो भिंगातून दाखवायला सांगावे. तो अहवाल खड्याची प्रत सांगतो. खडा कोणत्या परिस्थितीत खणला गेला, हे तो सांगत नाही.

परत घेण्याची अट शेवटी विचारावी आणि तीही लेखी घ्यावी: रोख मिळणार की बदली दागिनाच घ्यावा लागणार, हिऱ्याचे किती टक्के धरणार, आणि ते खरेदीच्या किमतीवर की त्या दिवशीच्या. बिलाप्रमाणे माल नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क लागत नाही.

जुने खडे नव्या दागिन्यात

गेल्या वर्षी पुतणीच्या साखरपुड्यासाठी अंगठी घ्यायची होती. आम्ही तीन पेढ्यांवर गेलो. दोन ठिकाणी खड्याचे मूळ विचारल्यावर विषय बदलला गेला. तिसऱ्या सराफाने मुंबईला फोन लावला आणि दोन दिवसांनी हमीचे निवेदन असलेले बिल दाखवले, पण देशाचे नाव त्यालाही मिळाले नाही. ते त्याने लपवले नाही, सरळ सांगितले. तेव्हा आईने कपाटातून कुड्या काढल्या. जुना खडा वापरला तर त्यासाठी नवे खोदकाम होत नाही, आणि मोडीत ज्याची किंमत कोणी धरत नाही त्याची पूर्ण किंमत घरातच राहते.

असे करायचे असेल तर कारागिराकडे देण्यापूर्वी दागिन्याचे चारी बाजूंनी फोटो घ्यावेत. खडे आपल्यासमोर काढायला लावावेत, मोजावेत, सेंटमध्ये वजन करून घ्यावे, टवका उडालेला खडा असेल तर तो भिंगाखाली पाहून वेगळा ठेवावा आणि या साऱ्याची नोंद पेढीच्या शिक्क्यासह पावतीवर घ्यावी. आमच्या पावतीवर लिहिले होते: जुने हिरे, नग 14, ग्राहकाचे, अंगठीत नग 9, परत नग 5. ते पाच खडे कागदाच्या पुडीत घालून, पुडीवर वजन लिहून, आईने पुन्हा कपाटात ठेवले आहेत.